थर्मासातला बर्फ आणि शिरोळची दोघं

काशी-रामेश्वर करून आलेल्या बाईला सगळ्या जणी घेरतात. मुरगूड आणि शिरोळला जाऊन आलेल्या बाईला कोण विचारणार? कोल्हापुरातनं सकाळी निघालं तर दिवेलागणीला माणूस घरात. पण यंदा आपल्या मंडळाच्या हस्तलिखितात प्रवासवर्णन हवं असं ठरलं आणि सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी म्हटलं, लिहीन, पण माझाच प्रवास लिहीन. तीन दिवसांचा. माझं शिक्षण मराठी चौथी, बाकीचं सगळं वाचनालयातलं. तेव्हा शास्त्राचं काही चुकलं तर ती चूक माझी धरा, मेघनाची नको.

मेघना कोण, ते आधी सांगते. माझ्या धाकट्या भावाची मुलगी रेखा मुरगूडला दिलीय. तिला दिवाळीच्या तोंडावर मुलगा झाला. पोर जन्मलं ते पांढरंफटक, वर कावीळ. कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं, दोनदा रक्त चढवलं. चार दिवस गाल गुलाबी व्हायचे की पुन्हा कागदासारखे. डॉक्टरांनी मुंबईला एका संस्थेत कळवलं आणि तिथनं ही मेघना आली. तिशीची असेल, खांद्याला शबनम पिशवी, पायात सपाट चपला, रक्ताच्या आजारांवर संशोधन करणारी. दवाखान्याच्या जिन्यावर मला म्हणाली, "दोन्हीकडच्या माणसांचं रक्त हवंय आणि दोन्हीकडची वंशावळ. पण मला इथलं काहीच ठाऊक नाही. कोण येईल माझ्याबरोबर?"

कोण येणार? सगळ्यांना घरदार. मी एकटी. आमचे हे जाऊन दहा वर्षं झाली, दोन खोल्या, एक स्टोव्ह, एक कप. मी म्हटलं, "मी येते की."

खरं सांगू का, पोराची काळजी होतीच. पण "आत्या, तुम्ही चला" असं कुणी मला म्हणून किती वर्षं झाली होती, तेही होतं.

पहिला दिवस: कागलवरनं मुरगूड

रक्ताच्या नळ्या थंड ठेवायच्या म्हणून रुंद तोंडाचा थर्मास. त्यात बर्फ भरायचा. सोडावॉटरच्या दुकानातनं बर्फ घेतला, फोडून भरला, आणि थर्मास मांडीवर घेऊन आम्ही यष्टीत बसलो. कंडक्टर तिकिटं फाडत आला, थर्मासकडं बघून म्हणाला, "काय मावशी, कुल्फी काय?"

"व्हय, पण परत येताना लाल हुईल," मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही. मेघना खिडकीकडं तोंड करून हसली.

कागलला गाडी बदलायची होती. हायवेवर ट्रक मोजत अर्धा तास उभं राहिलो, एक-एक कप चहा घेतला. मेघना म्हणाली, मुंबईत शेजारी बसलेल्या माणसाचं नाव वर्ष वर्ष कळत नाही. मी म्हटलं, थांब, आता मुरगूडच्या गाडीत बस, मग सांग.

आणि झालंच तसं. बसल्या बसल्या पलीकडच्या बाईनं विचारायला सुरुवात केली. अंगापिंडानं थोर, मांडीवर नात, पायाशी बोरांची पिशवी.

"कुठनं आला, पावणं?"

"कोल्हापूर."

"कुणाकडं चालला?"

सांगितलं.

"ही ल्येक काय?"

"न्हाय. डॉक्टरीण हाय मुंबईची."

"मग तुमची पोरंबाळं किती?"

"न्हाईत," मी म्हटलं. चाळीस वर्षं मी हेच म्हणत आलेय. हात जोडावे तसं तोंडातनं येतं ते.

बाईनं "असूं द्या, असूं द्या" म्हटलं आणि नातीला अलीकडच्या मांडीवरनं पलीकडच्या मांडीवर घेतलं. वाईट नव्हती हो ती. सवय असते बायांची. मी खिडकीबाहेर ऊस बघत बसले. तेवढ्यात नजर गेली तर मेघनाची वही उघडी होती आणि त्यात तिनं एक गोल काढून त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: मूल नाही. हा गोल म्हणजे मी. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, ज्याला आजार तो काळा भरायचा, जो गेला त्याच्यावर आडवी रेघ. तिच्या वंशावळीची रीत ती.

मुरगुडात रेखाची सासू दारातच होती. लुगडं खोचलेलं, हाताला पीठ. आधी पाणी, मग गूळ-शेंगदाणे, मग म्हणाली, "जेवल्याबिगर सुई लावायची न्हाय." अंबाडीची भाजी, भाकरी, वर घट्ट दही आणि हिरवा खर्डा. मेघनानं खर्डा चटणीसारखा घेतला आणि तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं. सासू म्हणाली, "रडतीया कशापायी? अजून रक्त तर काढलं न्हाय तिनं आमचं!" मग स्वतःच उठून तिच्या पानात दही वाढलं.

रेखाचा नवरा सर्जेराव पैलवान. मान बैलासारखी, दंड मांडीएवढे. मेघनानं सुई बाहेर काढली आणि गडी दिसेनासा झाला. शोधलं तर गोठ्यात म्हशीला पेंड घालत उभा.

"अवो जावईबापू," मी म्हटलं, "मुंगी चावल्यागत असतंय."

"मुंगीला मी भ्यात न्हाय, आत्या. पर मुंगी दिसती तरी. ह्ये डायरेक आत जातंय."

आईनं दंड धरला तेव्हा रक्त निघालं. तोंड मात्र दुसरीकडं करून देवाचं नाव घेत होता. मग घाम पुसून बसला आणि जे बोलला ते मी अजून विसरले नाही.

"डाक्टरीणबाई, एक इचारू? ह्या पोराला जन्मभर रक्त द्यावं लागणार काय?"

"तेच शोधायला आलोय," मेघना म्हणाली. "असे आजार असतात की ज्यांत जन्मभर दर महिन्याला रक्त लागतं. ते बहुतेक आई आणि वडील दोघांकडून थोडं थोडं आलेलं असतं. पण मला वाटतंय हा तसा नाही. हा एकाच बाजूनं आलेला असावा. तसं असेल तर काही महिन्यांत आपोआप बरं होतं."

"वाटतंय. असावा." सर्जेरावनं मान हलवली. "जन्मभराचं असंल तर आमाला न्हाय जमायचं. सोमवारी घरी आणतो त्याला. आपल्या घरात तरी जाईल. पयलं असंच गेलं, ह्येबी जायचंच. आणि चार म्हैन्याचं असंल तर तसं सांगा. रक्त द्यायला तालमीतली पोरं आणून उभी करतो. पर छातीवर हात ठिवून सांगा."

मेघनाची पेन्सिल थांबली. "पहिलं? दवाखान्यात तर हेच पहिलं असं लिहिलंय."

सासू पीठ झटकत म्हणाली, "हेच पयलं की. ते कुठलं? नवव्या दिशी गेलं ते. बारसंबी झालं न्हवतं. नाव न्हाय, गाव न्हाय. त्याला काय मोजायचं?"

मेघना हळूच म्हणाली, "मावशी, मला तेच मोजायचं असतं."

आणि वहीत तिनं एक छोटं चिन्ह काढलं, काळं भरलं, त्यावर रेघ मारली. सासू बघत राहिली. म्हणाली, "मुलगी हुती. गोल काढा." मेघनानं खोडून गोल काढला.

बायांनो, मला त्या सासूचा राग आला होता. एवढी मोठी गोष्ट डॉक्टरांपासनं लपवली म्हणून. राग आला आणि मी सुपात डोकं घालून तिच्या शेंगा निवडत बसले.

दुसरा दिवस: शिरोळ

मुरगुडातला मुक्काम सासूच्याच घरी झाला. सकाळी बर्फ विरघळून थर्मासात पाणीच पाणी. मेघना घाबरली. सर्जेराव सायकल मारत गेला आणि आईसफ्रूटवाल्याकडनं बर्फ घेऊन आला. त्याला वाटेत वाटलं, नुसता बर्फ कसा न्यायचा पावण्यांना, म्हणून चार लाल कांड्याही. नळ्या बर्फात, कांड्या आमच्या हातात, असे आम्ही निघालो. चोखता चोखता मेघनाची जीभ लाल झाली. ती म्हणाली, अशी लाल जीभ लहानपणानंतर आजच. आईवडील पुण्याला, ही मुंबईत वसतिगृहात. "जेवायला कुणाबरोबर बसतेस?" विचारलं तर म्हणाली, "पुस्तक असतं समोर." मी म्हटलं, "माझ्यासमोर रेडिओ असतो." मग उरलेल्या दोन कांड्या आम्ही दोघींनी वाटून घेतल्या.

शिरोळ म्हणजे माझं माहेर. मुरगूडकडं डोंगर दिसतात, जमीन वर-खाली. इकडं सगळं ताटासारखं सपाट, जिकडं बघाल तिकडं ऊस आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. बोलीही वेगळी, आव्वा आणि अक्का ऐकू यायला लागल्या की शिरोळ आलं समजायचं. कृष्णेच्या महापुरानं भिंतींवर जी रेघ ओढलीय ती माणसाच्या छातीएवढी. लोक तिच्याखाली खिळे ठोकतच नाहीत.

माझा भाऊ अण्णा स्टँडवर बैलगाडी घेऊन आला होता. तोही फिकट, मीही फिकट. तरुणपणापासनं डॉक्टर मला लोहाच्या गोळ्या देतात, मी खाते, नखं तशीच पांढरी. वहिनीनं कृष्णाकाठची वांगी भाजून भरीत केलं होतं, जोंधळ्याची भाकरी, वर काकवी. मेघनानं या वेळी खर्ड्याकडं नुसतं बघून नमस्कार केला.

जेवण झाल्यावर तिनं अण्णाचं रक्त घेतलं, माझं घेतलं. मग वही उघडून आमच्यासमोर ठेवली.

"बघा," ती म्हणाली. "रेखाची दोन्ही मुलं अशी. रेखा फिकट, पण जन्मताना तिला काही झालं नव्हतं असं वहिनी म्हणतात. अण्णा फिकट, पण ते साध्या अशक्तपणानंही असू शकतं. अण्णांना एकच मुलगी. आत्यांना मूल नाही. म्हणजे वरच्या पिढीत मुलं अशी जन्मली का, हे मला कळायला जागाच नाही. आणि असं जन्मून कुणी जगलंय का, तेही नाही. रक्ताची तपासणी व्हायला महिने लागतील. सोमवारच्या आत मी सर्जेरावांना काय सांगू?"

माझ्या गोलाखाली ते दोन शब्द तसेच होते. मूल नाही.

अण्णानं माझ्याकडं बघितलं नाही. मी अण्णाकडं बघितलं नाही. तो म्हणाला, "गौराव्वाकडं जाऊया. तिला ठावं असंल."

गौराव्वा म्हणजे आमच्या शेजारच्या लिंगायताच्या घरची. ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, कपाळाला भस्म. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. डोळ्यांनी अधू, पण माझ्या पायांचा आवाज ओळखला.

"तानी आली?"

मेघनानं लगेच वही उघडली. "तानी कोण? ती माझ्या कागदावर नाही."

"मीच की," मी म्हटलं. सासरी मला सुशीला केलं. तानी म्हणणारं आता हे एकच माणूस उरलंय जगात. ती गेली की तानी गेली.

मेघनानं तिला विचारलं, या घरात पांढरी, पिवळी अशी मुलं कधी जन्मली होती का?

गौराव्वा खो खो हसली. "ह्ये काय तुझ्याशेजारी बसलंय! तानी जन्मली तवा हळद लावल्यागत पिवळी, आन कावीळ उतरली तवा चुन्यागत पांढरी. तिची आई म्हणाली, आव्वा, ह्ये काय जगत न्हाय. मी म्हटलं, जीव हाय तंवर दूध पाज. कापसाच्या बोळ्यानं दूध घातलं आमी. चार-पाच म्हैन्यांनी बघती तर गालाला रंग! आन आता बघ, साठीची म्हातारी हून बसलीया. ह्यो अण्णाबी तसाच. जरा कमी."

मेघनाचा हात भराभर चालत होता. तिनं माझा गोल काळा केला. "आणि आणखी? जी जगली नाहीत अशी कुणी?"

गौराव्वाचं हसू थांबलं. तिनं हात लांब करून माझा गुडघा चाचपला आणि त्यावर हात ठेवला.

"ते तिलाच इचार," ती म्हणाली.

शिरोळ, नदीकडं

मी उठले. मेघनाला म्हटलं, चल, नदी बघूया. अण्णाही मागनं आला, त्याला मोटर चालू करायची होती. नदीच्या काठावर त्याची पंपाची खोली आहे, तिथनं पाइप मैलभर वर शेताला जातो.

उन्हं उतरायला लागली होती. पलीकडच्या काठाला कुणीतरी म्हशी धूत होतं. काठावर बाभळीचं एक झाड होतं पूर्वी, ते पुरात गेलं. पण जागा मला ठाऊक आहे.

"मेघना," मी म्हटलं, "वही काढ. माझ्या गोलाखाली काय लिहिलंस ते खोड."

तिनं वही काढली.

"पहिली मुलगी. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, म्हणून इथंच. अकराव्या दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, पाळणा मागून आणलेला होता. दुसऱ्या खेपेला मुलगा. सासूबाई म्हणाल्या, पुन्हा माहेरीच जा, आमच्या घरात नको. तो सहा दिवस होता. दोघं पांढरी, चुन्यासारखी. दोघांना आमच्या वडलांनी, दादांनी, इथं बाभळीखाली ठेवलं. लहान पोरांना जाळत नाहीत. नावं ठेवली नव्हती. म्हणून काय नावानं रडायचं, तेही कळलं नाही."

अण्णा पंपाच्या दारात तसाच उभा होता. चाळीस वर्षांत आम्हा भावंडांत हा विषय निघाला नव्हता. आमच्या ह्यांच्याशीसुद्धा नाही. ते वाईट नव्हते. दुसरं लग्न करा म्हणून सगळे मागं लागले तर त्यांनी ऐकलं नाही. पण एका घरात जन्म काढला आणि त्या दोघांबद्दल एक शब्द कधी बोललो नाही. सासूबाई म्हणायच्या, हिची कूसच पांढरी. मला ते खरं वाटत होतं. आणि मी काल मुरगूडच्या सासूवर चिडले होते.

मेघनानं माझ्या गोलाखाली एक रेघ ओढली, तिला दोन फाटे फोडले. एक छोटा गोल, एक छोटा चौकोन. काळे भरले. त्यावर रेघा. अगदी हळू हळू काढलं तिनं ते, जसं काही ठिपक्याला ठिपका जुळवून रांगोळी काढतेय.

"आता बघा," ती म्हणाली. "तुम्ही दोघं, तुमची मुलं, रेखा, रेखाची मुलं. एकाच बाजूनं, पिढीमागनं पिढी. आणि तुम्ही जगलात, अण्णा जगले, रेखा जगली. आता मी सर्जेरावांना छातीवर हात ठेवून सांगू शकते."

"पण हाय काय ते?" अण्णानं विचारलं. "रक्तात किडा हाय काय आमच्या?"

इथं शास्त्र येतंय, बायांनो, पण घाबरू नका. मी माझ्या भाषेत सांगते.

मेघना म्हणाली, आपल्या अंगाच्या कणाकणात लांबच लांब धागे असतात. आईकडून एक, वडलांकडून एक. त्यावर ठिकठिकाणी कृती लिहिलेल्या असतात, रक्ताचा लाल भाग कसा करायचा वगैरे. त्या कृतीला जनुक म्हणायचं. पण दोन कृतींच्या मधे कितीतरी लांब काहीच लिहिलेलं नसतं. त्यातनं काही तयार होत नाही. पुष्कळ शास्त्रज्ञ त्याला केरच समजत होते.

"तुमच्या घरात कृती बिघडलेली नसावी," ती म्हणाली. "काना-मात्रासुद्धा चुकला नसेल. तरी ती वाचली जात नाही. परदेशात एक-दोन घराण्यांत असं सापडलंय. आता अण्णा, तुमचा ऊस कुठं आहे?"

"त्यो काय, पार वर. हितनं मैलभर."

"आणि पाणी सोडायचं कुठून?"

"स्टार्टर हितं हाय की, ह्या खोलीत. तिकडं निसतं दारं धरायचं, कुठल्या सरीत पाणी जाऊ द्यायचं ते."

"तसंच. कृतीच्या तोंडाशी एक दारं असतं, ते उघडलं तर कृती वाचायला सुरुवात होते. काही घराण्यांत ते दारंच बिघडलेलं असतं. पण तुमच्याकडं, मला वाटतं, कृतीच्या पुष्कळ आधीचा, ज्यात काहीच लिहिलेलं नाही असा धाग्याचा मोठा तुकडाच गळालाय. आणि त्या तुकड्यात स्टार्टर होता. ऊस शाबूत, पाइप शाबूत, दारं शाबूत. पण नदीवरची खोली वाहून गेली."

अण्णा आपल्या पंपाच्या खोलीकडं बघत राहिला. पुरात ती खोली दोनदा वाहून गेलीय त्याची. त्याला सगळं कळलं.

मी विचारलं, "मग इतक्या लांबनं कृतीला कळतं कसं गं?"

"ते अजून आम्हालाही नीट ठाऊक नाही, आत्या. पेशीतलीच काही प्रथिनं त्या जागेवर येऊन बसतात, एवढं कळलंय. काही जण म्हणतात, धागा दुमडून ती जागा कृतीजवळ येत असावी."

"आणि मी जगले कशी?"

"तुमच्या वडलांकडून आलेला धागा चांगला होता. पोटातल्या बाळाचं रक्त वेगळ्या कृतीचं, जन्मल्यावरचं वेगळ्या. एकाच लाइनीवरची दोन शेतं. जन्माच्या सुमाराला एका शेताचं पाणी दुसऱ्याला वळवत असतात आणि सगळा भार एकाच धाग्यावर. तेवढ्यात बाळ कोसळतं. तेवढे महिने कुणीतरी त्याला तगवलं, की चांगला धागा पुरून उरतो. मग जन्मभर फक्त नखं फिकट."

तेवढे महिने. मला कापसाच्या बोळ्यानं तगवलं गेलं. माझ्या दोघांना नाही तगवता आलं. त्यात माझी कूस पांढरी नव्हती आणि माझा गुन्हाही नव्हता. नदीवरची एक खोली वाहून गेलेली होती, माझ्या आईच्याही आधी कधीतरी.

अण्णानं आत जाऊन स्टार्टर दाबला. मोटर गुरगुरली. लांब वर उसात पाणी पोचायला थोडा वेळ लागतो. आम्ही तिघं तिथंच उभे राहिलो. मग अण्णा म्हणाला, "अक्का, पोरीचे डोळे आईसारखे होते. मी बघितलंतं." तो तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा असेल. एवढंच म्हणाला आणि पाइपावरनं हात फिरवत बसला.

तिसरा दिवस: परत कोल्हापूर

सोमवार. गाडीला उशीर झाला, उसाची ट्रॉली रस्त्यावर कलंडली होती. दवाखान्यात पोचलो तर सर्जेराव पोराला घ्यायला आलेला, खाली जीपसुद्धा उभी. रेखा पलंगावर पोराला छातीशी धरून बसली होती आणि सोडत नव्हती. मेघनानं आधी डॉक्टरांना कागद दाखवला, मग त्याच्यासमोर धरला. बोट ठेवून एकेक चिन्ह सांगितलं. "ह्या आत्या. ह्या तुमच्या मुलासारख्याच जन्मल्या होत्या."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आणि ही खालची दोन बारकी?"

मी म्हटलं, "माझी पोरं."

गडी पैलवान, पण खाली वाकून माझ्या पायाला हात लावला. खाली गेला, जीपवाल्याला म्हणाला, "मोकळाच जा मुरगूडला. येताना तालमीतली पोरं भरून आण." दुसऱ्या दिवशी सात पैलवान दवाखान्याच्या व्हरांड्यात ओळीनं बसले होते आणि सातही जणांची तोंडं पोरापेक्षा पांढरी.

मेघना त्याच संध्याकाळच्या रेल्वेनं मुंबईला गेली. थर्मास मांडीवर. मी स्टेशनवर भरीत-भाकरी बांधून दिली, खर्डा वेगळ्या पुडीत. घरी आले. कुलूप काढलं. दिवा लावला. पोचले म्हणून सांगायला कुणी नव्हतं. चहा केला, एक कप. तीन दिवस "आत्या, आत्या" ऐकलेल्या कानांना ती खोली फार मोठी वाटली.

पोराला आणखी तीनदा रक्त लागलं. मग लागलं नाही. आता बसतंय, दात आलाय, मला चावतं. त्याच्या बारशाला मुरगूडच्या सासूनं मला पाळण्याची दोरी धरायला लावली. मेघनाचं पत्र आलंय, तिला वाटलं होतं तसंच निघालं, कृती शाबूत, आधीचा तुकडा गळालेला. तो कसा काय काम करतो यावर ती अजून शोधतेय. पत्रासोबत तिनं त्या कागदाची नक्कल पाठवलीय. नावं कुणाचीच नाहीत त्यावर. नुसते गोल आणि चौकोन. त्या दोघांचेही, बाकीच्यांइतकेच.

परवा पुन्हा शिरोळला निघाले. काही काम नव्हतं. एकटीच. शेजारी एक बाई येऊन बसली, डोक्यावर पेरूची पाटी, ती पायाशी ठेवली.

"कुठं चालला, पावणं?"

"शिरोळला."

"पोरंबाळं किती तुमास्नी?"

"दोन," मी म्हटलं. "थोरली मुलगी, धाकटा मुलगा."

"असत्यात कुठं?"

"शिरोळलाच. नदीकडंला."

"मंजे पोरांकडंच चालला म्हणा की!" बाईला बरं वाटलं. वाकून तिनं पाटीतले पेरू चाचपले, दोन चांगले पिकलेले निवडले, पदरानं पुसले आणि माझ्या ओटीत टाकले.

"घ्या. पोरांस्नी द्या. मावशीनं दिलं म्हणून सांगा."

मी "सांगते" म्हटलं, आणि दोन्ही पेरू शिरोळ येईपर्यंत ओटीत धरून बसले.